मोमिजीचे दुखणे

जपानला जाऊन कोणी फुजियामा पाहतो, कोणी गिन्झाची रोषणाई. मी मात्र एका कुंडीतल्या झाडाचे दुखणे पाहून आलो. वाचकहो, हसू नका. ते दुखणे माझ्याच कृपेने उद्भवले होते.

२०१८ च्या सप्टेंबरात मी आणि आमचे कुटुंब मुलीकडे टोकियोला गेलो होतो. मुलगी-जावई राहतात निशी-कासाईला. या वस्तीत आपल्याकडची संगणक क्षेत्रातली मंडळी इतकी, की तूरडाळीवाचून अडत नाही. घर आठव्या मजल्यावर, गॅलरी दक्षिणेला, आणि त्याच बाजूला दोनेक किलोमीटरांवर टोकियोचे आखात.

शेजारी एक जपानी आजी राहत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जाताना त्यांनी आपला मोमिजी, म्हणजे जपानी मेपल, मुलीच्या स्वाधीन केला. त्यांच्या दिवंगत यजमानांनी लावलेले ते झाड हात-दीड हात उंचीचे, पण डौल एखाद्या वृक्षाचा! पान बोटे फाकलेल्या पंजासारखे. मेपलला जपानीत ‘काएदे’ म्हणतात. तो शब्द ‘काएरु-ते’, म्हणजे बेडकाचा हात, यावरून आला. पानाची बोटे इ-रो-हा म्हणत मोजतात, जशी आपली मुले क-ख-ग म्हणतील. मी रोज सकाळी तुळशीला घालावे तशा भक्तिभावाने त्याला पाणी घाली.

३० सप्टेंबरच्या रविवारी वादळ येणार, अशी सूचना झाली. जे. आर. रेल्वेने रात्री आठनंतर राजधानीच्या परिसरातल्या आपल्या गाड्या बंद ठेवायचे दुपारीच जाहीर केले. मुलगी म्हणाली, “बाबा, कुंडी आत घ्या हं.”

“अगं, पावसानं कधी झाड मेलंय का?” मी म्हणालो. “आमची रत्नागिरी चार महिने भिजते!”

रात्रभर वाऱ्याने खिडक्या खडखडवल्या. सकाळी आकाश लख्ख. झाड जागच्या जागी पाहून मी मुलीकडे विजयी मुद्रेने पाहिले. तो विजय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी निम्मे झाड चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी! पाने हातात घेताच चुरा होई. अर्धे मात्र हिरवेगार.

पाणी जास्त झाले असेल, कीड लागली असेल, असे तर्क मी लढवले. शेवटी आजी परतण्याआधी वाळकी पाने कातरून टाकावीत, असा विचार मनात आला. सौभाग्यवतीने कात्री काढून घेतली. “पानं कातराल हो, पण त्यांच्यासमोर तोंड कुठे लपवाल?”

पुढच्या रविवारी कुंडी कापडी पिशवीत घालून, मांडीवर घेऊन, आम्ही ओमियाला निघालो. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले चांगली माती आणि स्वच्छ पाणी शोधत इथे आले आणि १९२५ मध्ये त्यांनी हे गाव वसवले. इथे राहणाऱ्याकडे दहा तरी बोन्साय हवेत, घर दुमजली नको, कुंपण जित्या झाडांचे हवे आणि फाटक सर्वांना उघडे, असे त्यांचे नियम होते. गल्ल्यांतून चालताना आपल्या झाडाचे पाप झाकावेसे वाटत होते.

एका बागेतल्या वृद्ध माळीबुवांनी कुंडी दोन्ही हातांनी घेतली. मुलगी दुभाषी. त्यांनी माती उकरून हुंगली. पाण्याने मुळे कुजली असती तर घाण वास आला असता, तो नव्हता. उन्हाने होरपळले असते तर ते उन्हाळ्यात आणि हळूहळू. मुळांतून शिरणारी एक बुरशी झाडाची एकच बाजू सुकवते खरी. म्हणून त्यांनी वाळकी काडी आडवी कापली. लाकडात काळपट डाग नव्हता. मग फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवे!

“वादळाच्या रात्री ही बाजू कुणीकडे होती?” त्यांनी विचारले.

मुलीने माझ्याकडे पाहिले. “समुद्राकडे,” मी पुटपुटलो.

त्या रात्री पाऊस लवकर थांबला, वारा मात्र सुटलेलाच राहिला. त्याने लाटांचे तुषार आणून पानांवर मारले, आणि ते मीठ धुऊन काढायला पाऊस उरला नाही. कैरीला मीठ चोळल्यावर पाणी सुटते, तसे पानांतले पाणी मिठाने ओढून घेतले. खारा वारा म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या माणसाला ओमियाच्या माळ्याने शिकवावे!

उपाय साधा होता. वादळ सरताच पाने गोड्या पाण्याने धुवायला हवी होती. ती वेळ गेली. आता भरपूर पाणी ओतून मातीतले मीठ निथळू द्यायचे, खत घालायचे नाही, फांद्या छाटायच्या नाहीत. “कळ्या जिवंत आहेत. वसंताची वाट पाहा,” ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

परतताना रस्त्यावरचे गिंको पाहिले. समुद्राकडची बाजू करपलेली, दुसरी हिरवी. त्याच आठवड्यात चिबाकडे मिठाने विजेच्या तारांवर ठिणग्या उडून आगगाड्या थांबल्या होत्या. म्हणजे मी एकटाच फसलो नव्हतो. पण मला कुंडी आत घ्यायला सांगितले होते, गिंकोला नव्हते.

आजी परतल्या. मी कुंडी पुढे ठेवली आणि मुलीच्या तोंडून सगळे कबूल केले. त्या कुबडीच्या आधाराने वाकल्या आणि उलट माझीच क्षमा मागू लागल्या, पाहुण्याला झाडाचा त्रास दिला म्हणून! तेव्हा मी खरा ओशाळलो.

२०१९ च्या एप्रिलात मुलीने छायाचित्र पाठवले. वाळल्या बाजूला लालसर पालवी फुटली होती, बेडकाच्या पिल्लांचे हात जणू. आमच्या कुटुंबाने ते निरखून पाहिले आणि विचारले, “कात्री आणू का?”