एका घराचा फरक

जे विमान एकदाही लढलं नाही, त्याचं कार्ड कसं लिहायचं? टेबलावर हवाई लढाया खेळणाऱ्यांपुढे पोलंडचं पीझेडएल 50 'यास्त्शोंप' नेमका हाच पेच टाकतं. व्सेवोलोद याकिमिउक यांनी आखलेलं हे विमान 1939च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा उडालं. मिटणारी चाकं, बंद कॉकपिट, पंखांत चार मशीनगन. जुन्या पी 11ची जागा ते घेणार होतं. सप्टेंबरात जर्मनीने हल्ला केला तेव्हा मात्र लढाऊ तुकड्यांत एकही यास्त्शोंप पोचलेलं नव्हतं.

अपेक्षा ताशी 500 किलोमीटरची होती. चाचण्यांत ते साडेचारशेच्या आतच राहिलं. दोष इंजिनाचा. परवाना घेऊन पोलंडमध्येच बनणारं ब्रिस्टल मर्क्युरी सुमारे 840 अश्वशक्तीचं, या अंगाला अपुरं. खेळणारे बरेच जण तरीही कार्डावर 500 लिहून मोकळे होतात, किंवा पुढे कधीतरी बसवायचं दमदार इंजिन आत्ताच बसवून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. मी 440 लिहितो, कारण सगळी गंमत त्या 440मध्येच आहे.

पी 11 ताशी 375च्या आसपास जायचं. डॉर्निए 17 हे जर्मन बॉम्बर सुमारे 410ने. म्हणजे पी 11च्या वैमानिकाला झडप एकच. नेम हुकला की बॉम्बर त्याच्या डोळ्यांदेखत निसटणार. यास्त्शोंपला पाठलाग करून दुसरी झडप घालता आली असती. जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट 109 ई मात्र 570चं, त्याच्यापुढे दोघांचाही निभाव लागणं कठीण. थोडक्यात, या विमानाचा अख्खा स्वभाव त्या वरच्या तीस किलोमीटरांत आहे.

आणि नेमके तेच तीस किलोमीटर नियमांत गळून जातात. ताशी शंभर किलोमीटरला पटावरचं एक षटकोनी घर धरलं, तर पी 11, डॉर्निए आणि यास्त्शोंप तिघंही एका चालीत चारच घरं जातात. पूर्णांकात बसवताना इतिहासच पुसला जातो. म्हणून मी चाळीस किलोमीटरला एक घर धरतो. पी 11ला नऊ, डॉर्निएला दहा, यास्त्शोंपला अकरा, 109ला चौदा. पट मोठा लागतो, चाली लांबतात. पण एका घराचा तो फरक दिसतो. उंचीप्रमाणे वेग बदलतो हे खरं, तरी त्याचं कोष्टक मी खेळात आणत नाही. फासे हातात असताना कोणाला कोष्टक वाचायचं असतं?

पटावरच्या छोट्या प्रतिकृतीच्या रंगकामातही असाच काटेकोरपणा लागतो. एकास दोनशे प्रमाणात या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत पाच सेंटिमीटरही भरत नाहीत. वरून खाकी, खालून फिकट निळा. पोलिश हवाई दलाचं लाल-पांढरं चौकट चिन्ह काढताना वरचा डावा चौकोन लाल घ्यायचा. आज तिथे पांढरा दिसतो, पण ती अदलाबदल 1993 सालची. विकत मिळणारी चिकटचित्रं म्हणूनच आधी नीट पाहून घ्यावीत. चौकोनांच्या कडा मी दोन-तीन केसांच्या ब्रशने ओढतो, आणि आधी पांढरा, मग लाल. उलट केलं तर लाल वर फुटतो.

वॉर्साच्या आकाशातला डाव मांडताना यास्त्शोंपची अख्खी तुकडी मी कधीच देत नाही. दोनच द्यायची, बाकी पी 11. समजा, डॉर्निए सहा घरं पुढे निसटलं आहे. दर चालीला एक घर या हिशेबाने यास्त्शोंपला ते गाठायला सहा चाली लागतात. तेवढ्या वेळात पाठीमागून येणारं 109 त्याच्याशी असलेलं अठरा घरांचं अंतर तोडतं, आणि सोबतची पी 11 बारा घरं मागे पडतात. पोलिश बाजू घेणाऱ्याने दुसऱ्या झडपेसाठी सोबत सोडायची की नाही, हे पहिल्याच चालीला ठरवायचं असतं.