पडशील!

मराठी आईबापांच्या तोंडी दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा येणारं क्रियापद कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ‘पडशील’ म्हणेन. जिन्यात, झोपाळ्यावर, आजोळच्या विहिरीपाशी ते ऐकतच मी वाढले आणि पुण्यात बालवाडीत शिकवू लागले तेव्हा तोच वारसा पुढे दिला. तो जिभेवर किती घट्ट बसलाय हे कळलं जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेच्या एका वनबालवाडीत नोकरी लागल्यावर. पहिल्याच आठवड्यात सहकारी म्हणाली, “तू दिवसभर ‘जपून, जपून’ करतेस. कशाला जपायचं, ते मात्र सांगत नाहीस.”

वनबालवाडीला इथे ‘वाल्डकिंडरगार्टन’ म्हणतात. आमच्याकडे तीन ते सहा वर्षांची अठरा मुलं आहेत. इमारत नाही. रानाच्या तोंडाशी चाकांवरची एक लाकडी खोली आहे, तिच्यात एक शेगडी आणि सुक्या कपड्यांच्या पिशव्या. पाऊस असो वा बर्फ, मुलं बाहेरच असतात. अंगात चिखलविजार, पाठीवर डब्याची पिशवी. वादळाचा इशारा आला तरच आम्ही गावातल्या एका छपराखाली जातो. विकतची खेळणी नाहीत. बीचच्या झाडाच्या टरफलांची भाजी होते, वाकड्या फांदीचा फोन होतो, दुपारी त्याच फांदीची मासेमारीची काठी होते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. नावात बाग राहिली, मुलं हळूहळू भिंतींच्या आत गेली. त्यांना पुन्हा बाहेर काढलं डेन्मार्कच्या एला फ्लाटाऊ यांनी, १९५०च्या दशकात. जर्मनीत १९६८ साली विस्बाडेनला अशी बालवाडी निघाली. १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली आणि मग हे लोण देशभर पसरलं. आज अशा बालवाड्या दीड हजारांवर आहेत.

या कामाने मला मराठीतलेच दोन शब्द नव्याने शिकवले : धोका आणि जोखीम. मुलाला दिसत नाही तो धोका. डोक्यावर लटकणारी वाळकी फांदी, गवतातली गोचीड, विषारी बेरी. तो हेरणं आणि दूर करणं हे माझं काम. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांनी इथले बीच वाळू लागलेत, म्हणून मुलं येण्याआधी मी मान वर करून शेंडे तपासत फिरते. घरी गेल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहा, हे पालकांना रोज बजावते. जोखीम मात्र मुलाला स्वतःला दिसते : ओंडका किती उंच, दगड किती निसरडा, उडी किती लांब. ती मी तोलली तर मूल तोलायला कधी शिकणार?

म्हणून आमचा एक नियम अगदी कडक आहे. कुठल्याही मुलाला उचलून झाडावर ठेवायचं नाही. स्वतः चढलेल्याला उतरण्याचा अंदाज असतो, उचलून ठेवलेल्याला नसतो.

गेल्या शरद ऋतूत ओढ्यावर एक बीच आडवा पडला. मोठ्या माणसाच्या कमरेइतका उंच, खाली घोटाभर पाणी आणि चिखल. चार वर्षांचा एक मुलगा त्यावरून निघाला आणि मधोमध थबकला. गुडघे थरथरत होते. मी हाताच्या अंतरावर ओढ्यात उभी होते. ‘पडशील’ अगदी ओठांवर आलं होतं. पण हा शब्द ऐकला की मूल पायांकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतं आणि नेमकं तेव्हाच पडतं, हे एव्हाना शेकडो वेळा पाहिलं होतं. मी विचारलं, “आता पाय कुठे ठेवणार?” त्याने खाली पाहिलं. बुंध्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा होता. बराच वेळ तो नुसता उभा राहिला. मागून एक मुलगी ओरडली, “घोड्यावर बसतात तसा बस!” तो बसला आणि ढुंगणाने सरकत पलीकडे गेला. शेवाळावरून पाय घसरतो, अडकलं की पद्धत बदलायची आणि दुसऱ्याचं ऐकण्यात कमीपणा नाही, इतकं सगळं त्या एका ओंडक्यावर झालं. दुपारी त्याच्या बाबांच्या हाती मी दिली फक्त चिखलाने माखलेली विजार.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सांडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार मांडले : उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टींची जवळीक, दंगामस्ती आणि नजरेआड होणं. आपल्याकडचं लहानपण आठवून पाहा. सूरपारंब्या, कुस्ती, विहिरीतली उडी, लपाछपी. यादी जवळजवळ भरतेच.

आपली भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. साप, भटकी कुत्री, अंगावर येणाऱ्या गाड्या हे सगळे खरे धोके आहेत. मोठ्यांनी निस्तरायचे. ते निस्तरता येत नाहीत म्हणून आपण जोखीमही काढून घेतो, इतकंच.

आणि बाहेर शिकवणं आपल्याला परकंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर शाळाच गुरांमागे गेली. तिचं नाव कुरणशाळा. त्या मुलांना रान येत होतं, अक्षरं येत नव्हती. माझ्या जर्मन मुलांना अक्षरं यथावकाश येतीलच, रान येत नाही. गरजा अगदी उलट्या, पण वर्ग दोघांनाही मोकळ्या आभाळाखालीच सापडला.

मागच्या दिवाळीत पुण्याला गेले होते. सोसायटीच्या बागेत रबरी फरशी आणि ‘झाडावर चढू नये’ अशी पाटी. भाचा चिकूच्या झाडावर चढला होता. वॉचमनकाका धावत आले, “ताई, उतरवा त्याला, पडेल!” मी म्हटलं, “स्वतः चढलाय. दोन मिनिटं बघू या.” काका साताऱ्याकडचे. काठी बगलेत धरून तेही वर बघू लागले. भाच्याचा उजवा पाय हवेत फांदी शोधत होता.

“डावा आधी घे,” काका हळूच म्हणाले. “उजव्याला खाली आधार नाही.”