शुगर आणि डोळ्याचा पडदा

आमच्या बीदर-कलबुर्गीकडे मधुमेहाला कुणी मधुमेह म्हणत नाही. घरात मराठी असो, कन्नड असो की दखनी, शब्द एकच, 'शुगर'. शुगर म्हणजे बिनसाखरेचा चहा आणि पायाच्या जखमेला जपणं, एवढं आता खेड्यातही ठाऊक आहे. डोळ्याचं मात्र कुणाच्या ध्यानात नसतं. डोळा म्हटलं की चष्मा, नाहीतर मोतीबिंदू.

भालकी तालुक्यातले माझे मामा निवृत्त शिक्षक. बारा वर्षांची शुगर, गोळ्या वेळेवर. मामी डोळे दाखवा म्हणाली की यांचं ठरलेलं उत्तर, "मला काय झालंय? पंचांगातलं बारीक अक्षर बी दिसतंय की!" गावात शिबिर झालं तेव्हा तपासूनही आले. मोतीबिंदू नाही असं कळलं. मामांनी त्याचा अर्थ 'डोळे चांगले' असा घेतला. पुढच्या संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले आणि दुपारपर्यंत नुसतं धुकं.

त्यांना उदगीरला नेलं. (1956 पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली, आमची दवाखान्याची वाट तीच राहिली.) डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा पाहिला. वाढलेल्या साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरतात, काही बंद पडतात. मग नव्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक की त्यातून रक्तस्राव होतो. मामांचं तेच झालं होतं. "हे काही वर्षं चाललेलं असणार," डॉक्टर म्हणाले. मामांना पटेना. दिसत तर सगळं होतं!

गोम तिथंच आहे. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत बारीक अक्षर वाचता येतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. दिल्लीच्या एम्सनं 2015 ते 2019 या काळात देशातल्या 21 जिल्ह्यांत पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. शुगर असलेल्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांच्या पडद्यात दोष निघाला. आणि शुगर आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी जवळपास 90 टक्के लोकांनी पडदा कधी तपासलेलाच नव्हता! म्हणजे आमचे मामा काही जगावेगळे नव्हेत.

लेझरनं किंवा डोळ्यातल्या इंजेक्शननं बिघाड पुष्कळदा थांबवता येतो. गेलेली नजर परत येईलच असं नाही. मामांच्या डाव्या डोळ्याला वेळेवर लेझर झालं, तो टिकला. उजव्यानं आता माणूस ओळखू येतो, पंचांग नाही.

दवाखान्यात गेल्यावर नुसतं 'डोळे तपासा' म्हणू नका, 'शुगर आहे, पडदा बघा' म्हणा. हे वाक्य दखनीतही चालतं. पन्नाशीतली शुगर असेल तर ती सापडल्यापासूनच, वर्षातून एकदा. शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर लगेच.

थेंबांमुळे चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, मोटरसायकल तर चालवूच नये. औरादहून एकट्यानं बसनं येणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते, आणि पुष्कळांची तपासणी राहते ती एवढ्यावरूनच. आमच्याकडे हल्ली दिवाळी झाली की घरातल्या शुगरवाल्यांना एकाच जीपमधून नेतात. गाडी चालवायला थेंब न घातलेला एक भाचा.