रॅप, आई-बाप आणि कुंभकोणम

रॅप म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांचा हात आधी आवाज कमी करायला जातो. तुमच्याही घरी तसंच होत असेल, तर दहा मिनिटं माझ्यासोबत बसा. आणि तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे असाल, यातले सगळे अल्बम तुम्हाला पाठ असतील, तर भांडायच्या तयारीने वाचा. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. माहेर अमरावती. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली अकरा वर्षं तमिळनाडूत, कुंभकोणमला राहते. रॅप ऐकायला लागले ते मुलामुळे, पण आता तो अभ्यासाला बसला तरी माझं चालूच असतं.

सुरुवात इथल्याच माणसापासून करते. अरिवु. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ ज्ञान. २०२१ साली आलेलं ‘एन्जॉय एन्जामी’ तुम्ही भाषा न कळताही ऐकलं असेल, लग्नाच्या वरातीत त्यावर नाचलाही असाल. ते गाणं ज्या वल्लियम्मालबद्दल आहे, ती अरिवुची आजी. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत राबलेली. १९६४ च्या सिरीमावो-शास्त्री करारानंतर अशी लाखो तमिळ माणसं भारतात परत पाठवली गेली. मळे त्यांनी पिकवले, पण दोन्ही देशांत जमीन मात्र त्यांची नव्हती. नाचायच्या गाण्यात एवढं सगळं दडलेलं आहे, हे मला मुलाने ओळ न् ओळ समजावली तेव्हा कळलं.

२०२४ मध्ये त्याने पूर्ण अल्बम काढला, ‘वल्लियम्मा पेरांडी’. म्हणजे वल्लियम्माचा नातू. हे नावच मला फार आवडलं. मधल्या काळात ‘एन्जामी’च्या श्रेयावरून बराच वाद झाला होता. एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिका धी झळकली आणि अरिवु दिसला नाही, तेव्हा लोक चिडले होते. त्यानंतरच्या अल्बमला स्वतःचं नाव न देता आजीचं नाव द्यायचं, यात एक ठसका आहे. अल्बम सगळाच एका उंचीचा आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाद्यांची गर्दी इतकी होते की शब्द चेंगरतात, आणि अरिवुच्या बाबतीत शब्द चेंगरणं म्हणजे जेवणातून भातच गायब होणं. ‘तेरुक्कुरळ’ हा त्याचा २०१९ चा अल्बम जास्त उघडावाघडा होता, म्हणून मला अजून तोच जवळचा वाटतो. पण आजीवरचं त्याचं बोलणं आलं की मी हातातलं काम ठेवते.

इथे राहून ते ऐकण्यात आणखी एक गोष्ट आहे. कुंभकोणम म्हणजे कावेरीचा सुपीक पट्टा. पाहुणे येतात, देवळं बघतात, डिग्री कॉफी पितात, विड्याची पानं घेऊन जातात. याच जुन्या तंजावूर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावात, १९६८ च्या नाताळच्या दिवशी मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतली ४४ माणसं जाळून मारली गेली. त्यात बायका-मुलंच जास्त. हिरवीगार शेतं बसच्या खिडकीतून दिसत असतात आणि कानात जमीन कोणाची हा प्रश्न वाजत असतो. ते पुस्तकात वाचणं वेगळं.

आता परदेशातले. टायलर द क्रिएटरचा ‘क्रोमाकोपिया’ २०२४ च्या ऑक्टोबरात आला. त्यात अधूनमधून त्याची आई बोलते. गात नाही, बोलते. उपदेश करते, दटावते. आपल्याकडे मुलगा घराबाहेर पडताना चप्पल घालेपर्यंत मागून सूचना चालू असतात ना, अगदी तसं. टायलर वडिलांशिवाय वाढला आणि त्या रागावर त्याने पूर्वी बरंच काही रचलं आहे. या अल्बममधल्या ‘लाइक हिम’ या गाण्यात आई सांगते की बापाला मुलगा हवा होता, दूर ठेवलं ते तिने. इतक्या वर्षांचा राग ज्याच्यावर काढला, त्याचा तो दोषच नव्हता! आणि हे मुलाच्याच अल्बममध्ये, आईच्याच तोंडून. आमच्याकडे यावर जेवणाच्या ताटावर वाद झाला. मुलाचं म्हणणं, आईने हे खूप आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, सांगितलं ना, सगळ्या जगासमोर सांगितलं. तो गप्प बसला, पण त्याला पटलं नाही हे दिसत होतं. बाकीच्या अल्बममध्ये मधेमधे नुसता गोंगाट वाटतो मला. तिथे माझं वय बोलत असेल.

क्लिप्स ही दोन भावांची जोडी, पुशा टी आणि मॅलिस. २००९ नंतर थेट जुलै २०२५ मध्ये त्यांचा अल्बम आला, ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’. मधल्या काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे आई-वडील दोघेही गेले. अल्बमचं पहिलंच गाणं त्यांच्यावर आहे. धाकटा आईबद्दल बोलतो, थोरला वडिलांबद्दल. शेवटच्या भेटीत काय बोलणं झालं, कोणती खूण लक्षात आली नाही, घरात कोण कसं सापडलं, अशा बारीक गोष्टी. माझे बाबा गेल्या वर्षी अमरावतीला गेले. इथून तिथे पोचायला गाड्या बदलत दीड दिवस लागतो, त्यामुळे त्या गाण्याबद्दल तटस्थपणे मला बोलता येणार नाही. एवढंच सांगते की आमच्याकडे तेरा दिवसांत जे कोणी बोललं नाही, ते त्या दोघांनी चार-साडेचार मिनिटांत बोलून टाकलं. एक सूचना मात्र देते. पहिल्या गाण्यानंतर हा अल्बम बहुतेक करून नशेच्या धंद्याच्या बढाया मारतो. रचना अव्वल, विषय तोच तो. लहान मुलं घरात असतील तर पहिलं गाणं ऐका आणि थांबा.

केंड्रिक लमारबद्दल मुलाशी माझं कायमचं भांडण आहे. ‘जीएनएक्स’ त्याने २२ नोव्हेंबर २०२४ ला कसलीही जाहिरात न करता सोडला. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत सगळं. मुलाच्या मते वर्षातला सर्वोत्तम अल्बम. माझ्या मते उत्तम पूर्वरंग, पण आख्यान राहून गेलं.

हे कीर्तनाचे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्या अमरावतीकडे गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या आठवणी म्हातारी माणसं अजून सांगतात. वऱ्हाडी बोली, समोरच्या गर्दीला प्रश्न विचारायचे, उत्तर तिच्याच तोंडून वदवायचं, मग त्या उत्तरावर पुढचा घाव. माइक हातात धरून रॅपर यापेक्षा वेगळं काय करतो? १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीत हिपहॉपचा जन्म झाला म्हणतात, ते खरंच. पण गर्दीशी तालात बोलायची कला आपल्याला नवी नव्हती. आणि गंमत बघा, एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांना ऐकून तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली. त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळं मराठी सामान तसंच आलं. इथल्या हरिकथेत मधेच साकी कानावर पडते तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

तर केंड्रिक. २०१५ च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये तो एक कविता थोडी थोडी म्हणतो. पुढे पुढे दरवेळी थोडी अधिक, आणि शेवटी पूर्ण. कीर्तनकार अभंगाचा एकेक चरण उलगडत जातो तसंच. ‘डॅम’ला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं, तेही एक आख्यानच होतं, उलट क्रमाने ऐकलं तरी अर्थ लागणारं. ‘जीएनएक्स’मध्ये जोर आहे, ताल आहे, सुरुवातीला डेरा बरेरा या गायिकेचा अंगावर काटा आणणारा आवाज आहे. पण ड्रेकशी भांडण जिंकल्याची धुंदी त्यात फार वेळ टिकते. जिंकलेल्या माणसाचं बोलणं किती वेळ ऐकायचं?

हनुमानकाइंडचा ‘मान्सून सीझन’ २०२५ च्या जुलैत आला. हा मूळचा केरळातल्या पोन्नानीचा, वाढला अमेरिकेत ह्यूस्टनला, रॅप इंग्रजीत करतो. त्याचं ‘रन इट अप’ हे गाणं केरळच्या चेंडा वाद्याच्या दणक्यावर उभं आहे. बाकी ऐकून सोडून दिलं तरी चालेल. पण ते ऐकल्यावर इथल्या देवळातल्या मिरवणुकीत तविल वाजवणाऱ्यांकडे बघते तेव्हा वाटतं, यांना कोणी स्टुडिओत का नेत नाही? तोंडाने बोल म्हणणारे कोन्नक्कोलवाले तर कुठल्याही रॅपरला दम लागेपर्यंत पळवतील.

आणि मराठी? इथे माझा सूर थोडा तक्रारीचा होतो. स्वदेशी या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन ‘द वारली रिवॉल्ट’ केलं, ते जबरदस्त होतं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ देशभर वाजलं. ते खरं तर हाऊस संगीत, पण मराठी शब्द परक्या तालावर किती आरामात बसतात ते त्यातून दिसलं. अमरावतीचा हंड्रेडआरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, हिंदी-मराठीत रॅप करतो आणि त्याच्या बोलण्यात आमचं गाव लपत नाही. सुटी सुटी गाणी येतात, गाजतात. मला हवा आहे तो सलग तासाभराचा अल्बम, ज्यात कोणीतरी आपल्या आजीला, बापाला, आपल्या बोलीला अरिवुसारखं समोर बसवेल.

हा हट्ट का, ते सांगते. आमच्या घरमालकीणबाई तंजावूर मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून इकडे आलेल्या कुटुंबांपैकी एक. घरात बोलायची भाषा मराठी, लिहायची तमिळ. १८५५ मध्ये राज्य गेलं तरी भाषा घराघरांत उरली. आजी आणि मी जिन्यात उभ्या राहून बोलतो. माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटते, त्यांची मला जुन्या बखरीतल्यासारखी. त्यांचे नातू चेन्नईत आहेत. आजीशी ते तमिळमध्ये बोलतात.

माझ्या मुलाची मित्रांशी बोलायची भाषाही तमिळच. माझ्या फोनवर बाबांचे छत्तीस व्हॉइस मेसेज आहेत, सगळे वऱ्हाडीत. मुलाने ते आधी कधी धड ऐकले नव्हते. हंड्रेडआरबीएच ऐकायला लागल्यावर एक दिवस त्याने विचारलं, “आई, आबा ‘कायले’ म्हणायचे ते म्हणजे ‘कशाला’ ना?” मग आम्ही दोघांनी बसून सगळे छत्तीस ऐकले. त्यातल्या एकोणीसमध्ये आबा त्याला फक्त जेवला का, एवढंच विचारतात.

तुमच्या गावाकडचं कोणी आपल्या बोलीत रॅप करत असेल, तर नाव जरूर कळवा. वऱ्हाडी असेल तर उत्तमच. मुलगा म्हणतो, मालवणी किंवा अहिराणीही चालेल, फक्त गाणी दहापेक्षा कमी नकोत.