नकळत आणि जाणूनबुजून

पाप ते पापच, नकळत घडो वा ठरवून, असे म्हणणे सोपे; बायबल मात्र तसे म्हणत नाही. अनुवाद या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजारी मेला, तर मारणाऱ्याला आश्रयाचे नगर मिळते. दबा धरून मारणाऱ्याला तिथूनही ओढून आणायचे. परिणाम एकच, हेतू वेगळा. तरी गणनाच्या 15व्या अध्यायात चुकून केलेल्या पापालाही एक वर्षाची बकरी अर्पावी लागतेच. मला हे फार मोलाचे वाटते, कारण हेतू निर्मळ असला तरी झालेले नुकसान खरेच असते.

मग जाणूनबुजून पाप करणाऱ्याला क्षमाच नाही का? सत्य कळूनही जाणूनबुजून पाप करणाऱ्यासाठी यज्ञच उरत नाही, असे सांगणारा इब्री लोकांस पत्राचा 10वा अध्याय वाचून अनेकांचा धीर सुटतो. पण लेवीयच्या 6व्या अध्यायात ठेव बुडवून खोटी शपथ वाहणाराही मूळ ऐवज, वर पाचवा हिस्सा आणि एक मेंढा देऊन क्षमा पावतो. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारले ते पुरत्या शुद्धीत. तरी पुढे येशूची मेंढरे, म्हणजे त्याचे अनुयायी, पेत्राच्याच हाती सोपवली गेली. इब्री लोकांस पत्राचा रोख, माझ्या मते, पश्चात्तापच झिडकारून पाप करीत राहणाऱ्यावर आहे. तेव्हा घाबरून प्रार्थना सोडू नका. ज्याचे बुडवले त्याचे आधी परत करा.