पिवळ्या रेघेवरची पातेली

लंडनमधील एका सभागृहासमोर, गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची मसालेभाताने भरलेली दोन पातेली उतरवण्यापुरती आमची गाडी एकेरी पिवळ्या रेघेवर उभी राहिली आणि तेवढ्या अवकाशात तिच्या काचेवर 130 पौंडांच्या दंडाची नोटीस चिकटली, एवढीच मूळ हकीकत. 14 दिवसांच्या आत निमूटपणे पैसे भरणाऱ्याला निम्मी सूट मिळते, आणि ही सूट म्हणजे शहाण्या माणसाने वाद घालू नये यासाठी योजलेले आमिषच होय, असे माझे प्रामाणिक मत आहे. मी ते नाकारले. रीतसर हरकत कौन्सिलने फेटाळल्यावर मिळणाऱ्या 28 दिवसांच्या मुदतीत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील दाखल केले. त्याला फी पडत नाही, हे एक बरे.

तक्रारीचा पहिला मसुदा मी मोठ्या आवेशाने लिहिला होता. त्यात धर्मकृत्य होते, ताटकळलेली मुले होती, आणि कौन्सिलच्या अरसिकतेवर दोन झणझणीत वाक्येही होती. एका वकील स्नेह्यांनी तो वाचून शांतपणे बाजूला ठेवला आणि सांगितले की, अपील मंजूर करायचे तर निर्णायक अधिकाऱ्याला कायद्यातील आधार लागतो. केवळ अडचण, हळहळ वा सद्हेतू यांवर दंड रद्द करण्याचा अखत्यार त्याला नाही, फार तर तो कौन्सिलकडे शिफारस करील. तेव्हा सिद्ध करावयाचे ते एकच: गाडी उभी होती ती माल उतरवण्यासाठी. एकेरी पिवळ्या रेघेवर तशी मुभा सामान्यतः असते. मात्र पदपथाच्या कडेवर पिवळे आडवे पट्टे रंगवलेले असतील तर तीही जाते.

म्हणून एका सकाळी, रिमझिम पावसात छत्री सावरीत, मी त्या कडेचे निरीक्षण करीत सभागृहासमोरून येरझारा घातल्या. पट्टे नव्हते. जुने पुसले गेल्याची खूणही नव्हती. फोटो काढत असता समोरच्या दुकानदाराने मला कौन्सिलचा मनुष्य समजून आपली गाडी तत्परतेने हलवली.

पुढे कौन्सिलचा पुराव्याचा गठ्ठा आला. वॉर्डनच्या टिपणात, आमच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील हवेच्या व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किती वाजण्याच्या स्थितीत होत्या, हेदेखील नोंदले होते. इतक्या बारकाईबद्दल आदर वाटल्यावाचून राहिला नाही. परंतु गाडी जागची हलली नाही हे जे त्या नोंदीने शाबीत होत होते, ते मी कधी नाकारलेच नव्हते. खरी मेख पुढच्या ओळीत होती: ‘माल हलवताना कोणी दिसले नाही.’ दिसणार कसे? स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. जड, वाफाळते पातेले दोघांनी कानांना धरून, वळणाच्या जिन्यावर पायरीपायरीला थांबत वर नेले, आणि माल इष्ट स्थळी पोचवणे हा उतरवण्याचाच भाग मानला जातो. खासगी गाडीतला माल मात्र जड किंवा अवजड असावा लागतो. तेव्हा सौभाग्यवतींनी पातेल्यावर टेप धरली, मी फोटो घेतले. भांड्यांच्या भाड्याची पावती, सभागृहाच्या व्यवस्थापकांचे पत्र आणि जिन्याचा नकाशा जोडून, पृष्ठांक घालून, फाईल सिद्ध केली. मसालेभाताची फोडणीही नकाशावर दाखवावी काय, असे चिरंजीवांनी विचारले. त्यांना स्वयंपाकघरात पिटाळले.

सुनावणीत बोलावयाचे मी आरशासमोर म्हणून पाहत होतो, तोच कौन्सिल या अपिलाला विरोध करीत नाही, सबब दंड रद्द, असे दोन ओळींचे पत्र आले. कारण दिले नव्हते. 130 पौंड वाचले याचा आनंद झालाच. पण जिन्याच्या वळणाविषयीचा माझा युक्तिवाद खरोखर चांगला होता, आणि तो आता पाहुण्यांना ऐकावा लागतो.