'ते खोटं असतं' म्हणण्याआधी



आज जरा वेगळा विषय घेते. डब्ल्यूडब्ल्यूई. हसू नका. वर्गात विचारून बघा, रोमन रेन्स कोण हे तिसरीतलं पोरगंही सांगेल. घरी मोबाइलवर रील बघतात आणि मधल्या सुट्टीत मैदानावर तेच सुरू होतं. मग आपण काय म्हणतो? "अरे बाळांनो, ते सगळं खोटं असतं." घरी पालकही तेच म्हणतात. माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत चौथीतल्या एकाने दुसऱ्याला उचलून आपटलं. नशिबाने कोपर सुजण्यावर निभावलं. आपटणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, असं का केलंस रे? पोरगं रडकुंडीला आलेलं, पण उत्तर तयार होतं. "मॅडम, ते खोटं ऱ्हास ना. त्यामा लागत नही."

म्हणजे बघा. आपण 'खोटं' म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतं, त्याच्या नादी लागू नको. मुलाला मात्र ऐकू येतं, लागत नाही, करून बघायला हरकत नाही.

या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. १९९७ ते १९९९ ही तीन वर्षं मी धुळ्यात प्राथमिक शाळेत होते आणि या खेळाची पक्की भक्त होते. तेव्हा त्याला डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणायचे. पांडाचं चित्र असलेल्या वन्यजीव संस्थेचीही आद्याक्षरं तीच, त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि २००२ मध्ये कुस्तीवाल्यांना नाव बदलावं लागलं. आमच्या घरी केबल नव्हतं. गल्लीत ज्यांच्याकडे होतं त्यांच्या ओट्यावर आम्ही आठ-दहा पोरं खिडकीतून मान आत घालून बघायचो. इंग्रजी कॉमेंट्री एक अक्षर कळायची नाही. तरी कोण चांगला, कोण वाईट, कोणी कोणाचा विश्वासघात केला, सगळं कळायचं. भाषा न कळता गोष्ट कळणं म्हणजे काय, हे पुढे डी.एड.ला असताना पुस्तकात वाचलं. अनुभव आधीच घेऊन झाला होता.

अफवांचं तर विचारूच नका. अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा परत आला, यावर आमच्या गल्लीत कुणाचंही दुमत नव्हतं. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारने त्याला हरवलं होतं, त्यावरून तर भांडणं व्हायची. खूप नंतर कळलं की त्या सिनेमातला अंडरटेकर ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. गंमत म्हणजे या ब्रायन लीने १९९४ मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगणातही नकली अंडरटेकरची भूमिका केली होती. खोट्याचाही खोटा! आणि हे लपलेलं होतं असंही नाही. हा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे, हे कंपनीने १९८९ मध्येच अमेरिकेत न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर सांगून टाकलं होतं. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचे होते ना. आमच्या ओट्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती, एवढंच.

आता भक्त म्हणून माझं मत. त्या काळातली सगळ्यात चांगली लढत कोणती विचाराल, तर बहुतेक जण १९९८ ची पिंजऱ्यातली लढत सांगतील. मी सांगेन २३ मार्च १९९७ ची, शिकागोजवळची, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. समोरच्याला हार मानायला लावायची, तरच जिंकलात, अशी ती लढत होती. सुरू होताना ब्रेट हार्ट नायक आणि ऑस्टिन खलनायक. शेवटाला ऑस्टिन ब्रेटच्या पायपेचात, शार्पशूटरमध्ये अडकलेला, कपाळावरून रक्त वाहतंय, पण तोंडातून 'हरलो' निघत नाही. शेवटी तो शुद्ध हरपून पडतो. निकाल ब्रेटच्या बाजूने लागतो, पण तो पडलेल्या माणसाला मारतच राहतो. ऑस्टिन उठतो, कुणाचा आधार घेत नाही, लंगडत स्वतःच्या पायांनी बाहेर जातो. आणि आलेले लोक ऑस्टिनसाठी ओरडायला लागतात. जिंकणारा खलनायक झाला, हरणारा नायक. वीस-बावीस मिनिटांत, एकही भाषण न करता. कथालेखन शिकवताना 'पात्राचा स्वभाव त्याच्या कृतीतून दाखवा' असं आपण सांगतो, त्याला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. (मुलांना रक्त न दाखवता सांगते, काळजी नसावी.)

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कॅनडात मॉन्ट्रियलला उलटंच घडलं. ब्रेट हार्ट दुसऱ्या कंपनीत चालला होता. निकाल काय असेल ते त्याच्याशी बोलून ठरलं होतं. पण ऐन लढतीत शॉन मायकल्सने त्याला त्याच्याच शार्पशूटरमध्ये धरलं आणि मालक व्हिन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. ब्रेटने हार मानलेलीच नव्हती. आपल्याकडे जत्रेच्या दंगलीत ठरवून खेळलेल्या कुस्तीला 'नुरा' म्हणतात. इथे तर नुरा कुस्तीतच खरोखरची फसवणूक झाली! ठरलेलं असणं ही एक गोष्ट आणि ठरलेलं मोडणं ही वेगळी, हे मला त्या लढतीवरून नीट समजलं.

आता पिंजऱ्याकडे येते. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. सोळा फूट उंच लोखंडी जाळीचा पिंजरा आणि त्याच्या छतावर अंडरटेकर आणि मँकाइंड, म्हणजे मिक फोली. अंडरटेकरने त्याला वरून फेकलं, तो खाली कॉमेंट्रीच्या टेबलावर येऊन आदळला. ते ठरलेलं होतं. स्ट्रेचर आलं, पण फोली उठून परत वर चढला. मग अंडरटेकरने त्याला छतावर आपटलं, तर जाळीचा तुकडाच सुटला आणि फोली थेट रिंगणात पडला. हे कुणीच ठरवलं नव्हतं. वरून एक खुर्चीही त्याच्या तोंडावर आली. दात गेला, खांदा गेला, आणि माणूस तरीही खेळत राहिला. आम्ही मुलं त्या ओट्यावर टाळ्या पिटत होतो. आज मला ती लढत बघवत नाही. तिच्यात गोष्ट फारशी नाही, अंगावर घेतलेला मार तेवढा आहे. ज्यांना ती सर्वोत्तम वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझं मत हेच.

मुलाने शाळेत जो डाव केला त्याच्याशी सगळ्यात जवळचा प्रसंग मात्र ३ ऑगस्ट १९९७ चा आहे. ऑस्टिन विरुद्ध ओवेन हार्ट, ब्रेटचा धाकटा भाऊ. ओवेनने ऑस्टिनला उलटं धरून पाइलड्रायव्हर मारला. डोकं मांड्यांच्या वर राहायला हवं होतं, ते खाली आलं. ऑस्टिनची मान दुखावली, हातापायांतली ताकद काही वेळ गेली. लढत कशीबशी उरकली. दोघंही वर्षानुवर्षं सराव केलेले होते. पुढे त्या मानेने ऑस्टिनला लवकर निवृत्त व्हायला लावलं.

तर मी वर्गात 'खोटं' हा शब्द सोडून दिला. फळ्यावर तीन शब्द लिहिले: खरं, खोटं, ठरलेलं. मग मुलांना एकेक गोष्ट विचारली. कोण जिंकणार? ठरलेलं. केन आणि अंडरटेकर भाऊ-भाऊ? खोटं. (जुनी नावंसुद्धा यांना रीलमुळे माहीत!) उंचावरून पडणं? इथे वर्ग अडला. निम्मे म्हणाले खोटं, निम्मे म्हणाले ठरलेलं. मी विचारलं, सर्कशीत झोपाळ्यावरची ताई उडी मारते, ते ठरलेलं असतं ना? हो. मग हात सुटला तर? "पडी जाई." लागेल का? "लागी ना मॅडम!" झालं. पडणं ठरलेलं, पण जमीन खरी.

मग पडायचं कसं शिकतात ते सांगितलं. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं मागे आदळत नाही, पाठ सपाट टाकायची, हात पसरून थाप मारायची. पैलवान आधी कित्येक महिने फक्त पडायलाच शिकतात. ज्याला उचलतात तो स्वतः उडी मारून मदत करतो आणि उचलणारा त्याचं डोकं सांभाळतो. म्हणजे दोघं मिळून तो डाव होतो. रिंगणाखाली लोखंडी पट्ट्या, वर फळ्या, त्यावर पातळ गादी आणि कापड. आपल्या आखाड्यात तर ताक, हळद, तेल घालून मऊ केलेली लाल माती असते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेही मातीत घाम गाळूनच. आपल्या वर्गात काय आहे? शहाबादी फरशी आणि बाकांचे कोपरे. आणि मधल्या सुट्टीत ज्याला उचललं त्याला आधी कुणी विचारलेलं नसतं. आपटणाऱ्या त्या मुलाने इथे मान खाली घातली. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती.

एक उपक्रम सांगते, जमलं तर करून बघा. आमच्या वेळी पाच कंदीलकडे बाजाराला गेलं की ट्रम्प कार्डांचा संच मिळायचा. उंची, वजन, छाती, दंड. लहान-मोठी संख्या मी त्या कार्डांवरच पक्की केली असं म्हटलं तरी चालेल. आता मापन शिकवताना मी तशीच कार्डं पुठ्ठ्यावर करते. अंडरटेकर ६ फूट १० इंच, ३२८ पौंड, म्हणजे सुमारे १४९ किलो. बिग शो ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. हे आकडे जाहिरातीचे, थोडे फुगवलेले, तेही सांगते. बिग शोचं वजन निघालं तसा कापूस पिकवणाऱ्या घरातला एक मुलगा लगेच म्हणाला, "सव्वादोन क्विंटल!" जिनिंगमधून निघणारी कापसाची गाठ १७० किलोची असते. बिग शो तिच्याहून जड. यानंतर कुणी त्याला उचलायच्या गोष्टी केल्या नाहीत.

शेवटी ओवेन हार्टबद्दल सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मग थोडक्यात सांगितलं. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीने रिंगणात उतरायचा खेळ होता. पट्ट्याची कडी वेळेआधी सुटली आणि तो खाली पडला. वय ३४. बघणाऱ्या कित्येकांना तोही खेळाचाच भाग वाटला. हे नाटक नाही, हे खरं आहे, असं निवेदक जिम रॉसला टीव्हीवर सांगावं लागलं. त्याला दवाखान्यात नेलं, तो वाचला नाही. आणि पुढच्या लढती ठरल्याप्रमाणे झाल्या.

वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग त्यासनी खेळ बंद का बरं नही करा?"

मी तिला खरं तेच सांगितलं. बंद करायला हवा होता. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं आणि आजही तसंच वाटतं.